मोबाईलचे येते वर्ष आणि सभासदाचा आकडा



वर्ष बदलायला आले की भविष्य सांगणाऱ्यांना ऊत येतो. पूर्वी गुढीपाडव्याला देवळात पंचांग वाचले जाई. पाऊस किती आढक, धान्य स्वस्त का महाग, राजा कोण आणि मंत्री कोण, हे गाव मन लावून ऐकत असे आणि दुसऱ्या दिवशी आपापले औत जुंपून रानात जात असे. आता भविष्य मोबाईलवर येते, आणि तेही मोबाईलचेच. येत्या वर्षात शेतीला माणूस लागणार नाही, एआय पाणी सोडेल, ड्रोन औषध मारेल, कारखान्याचे ऑफिस खिशात येईल, असे सांगणारे व्हिडिओ सकाळच्या चहाच्या आधी हजर असतात. दुसरीकडे, पोरे बिघडली, खरे-खोटे कळेनासे झाले, आता सगळे बुडाले, असे म्हणणारेही तितकेच आहेत.

आम्हाला या दोन्ही पक्षांचे ज्योतिष पटत नाही. आम्ही ग्रह-तारे बघत नाही. गट ऑफिसच्या दारात आणि वजनकाट्यावर काय चालते ते बघतो. तेवढ्या शिदोरीवर येत्या वर्षाचे काही अंदाज आपल्यापुढे मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, नवे यंत्र कोणतेही येवो, सभासदाला त्याच्याकडून हवा असतो तो आपल्या उसाचा आकडा. तोड कधी, वजन किती, बिल किती, कपात कशाची. हा आकडा कारखान्याने वेळेवर, खरा आणि सर्वांना सारखा दिला तर मोबाईल हे सहकाराचे बळ ठरेल. नाही दिला, तर त्याची जागा अफवा घेईल आणि मग ती कोणालाच आवरणार नाही.

वारणेला काय घडले

मोठमोठी भविष्ये काही आजच सांगितली जात आहेत असे नाही. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा परिसरात सुमारे सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सरकारने सुरू केला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला वारणेचा सहकार पाठीशी होता. गावोगाव संगणक बसले. बाजारभाव गावात कळेल, शेतीचा सल्ला मिळेल, सरकारी कागद तिथल्या तिथे निघतील, मुलांचे शिक्षण होईल, असे पुष्कळ काही त्या वेळी बोलले गेले.

पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्रातली मंडळी वारणेला आली. या संगणकांवर प्रत्यक्षात काय चालते ते त्यांनी बारकाईने पाहिले. तर बहुतेक वापर एकाच कामाचा निघाला, तो म्हणजे कारखान्याचा आणि सभासदाचा व्यवहार. उसाची नोंद, खताची उचल, वजनाचा हिशेब. एवढ्यासाठी गावोगाव संगणक सांभाळणे खर्चाचे आणि कटकटीचे होते. म्हणून त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस लावून पाहिला. तेच काम कमी पैशांत झाले. त्याचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला.

यावरून कोणी म्हणेल की, वारणेचे भविष्य खोटे ठरले. आम्ही तसे म्हणत नाही. वारणेच्या शेतकऱ्याने पुढे आलेल्या दहा गोष्टींतून आपल्या कामाची एक उचलली आणि बाकीच्या बाजूला ठेवल्या, हे शहाण्याचेच लक्षण आहे. येत्या वर्षात जे जे नवे दारात येईल त्याला आपण हीच कसोटी लावावी. याने माझ्या उसाचा कोणता आकडा मला आधीपेक्षा लवकर आणि जास्त खरा कळतो? उत्तर मिळाले तर घ्यावे, नाही तर राम राम म्हणावे.

वजनाचा संदेश

आमचा पहिला अंदाज असा की, वजनाची आणि बिलाची कागदी पावती मागे पडत जाणार आणि मोबाईलवरचा संदेश हीच खरी पावती होऊन बसणार. पुष्कळ कारखान्यांतून वजनाचा एसएमएस आताच जातो. उत्तर प्रदेशात ऊस पुरवठ्याची पर्ची मोबाईलवर जाते आणि आपला पुरवठा केव्हा, याचे कॅलेंडर शेतकऱ्याला ई-गन्ना अ‍ॅपवर पाहता येते. आपल्याकडेही साखर आयुक्तालयाने २०२२ साली ‘महा-ऊस नोंदणी’ अ‍ॅप काढले, ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे.

हे चांगलेच आहे. पण यात दोन खाचखळगे आहेत.

एक म्हणजे संदेश जातो कोणाला? नोंदीला लावलेला नंबर कोणाचा आहे, हे आपण कधी तपासले आहे काय? वडील वारून चार वर्षे झाली, नंबर अजून त्यांचाच. मुलगा पुण्याला कंपनीत, त्याचा नंबर दिलेला, संदेश त्याला जातो आणि इकडे म्हातारा माणूस रोज चिटबॉयला विचारतो, “बाबा, माझं वजन काय आलं?” आणि सगळ्यात जास्त अन्याय आमच्या भगिनींवर. सातबारा बाईच्या नावावर, भाग बाईच्या नावावर, लागणीपासून भरणीपर्यंत राबणूक बाईची, आणि नंबर मात्र दिराचा. तिला आपल्या उसाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. ज्याचा भाग, ज्याचा ऊस, त्याचाच किंवा तिचाच नंबर नोंदीला असावा. यासाठी नवे यंत्र नको, शेतकी खात्याने एक महिना गावोगाव बसून नंबर दुरुस्त केले तरी काम होईल.

दुसरा खाचखळगा काट्याचा. संदेश काटा सांगेल तेच सांगतो. काटा बरोबर असेल तर संदेश बरोबर. काटा चुकीचा असेल तर चूक फक्त लवकर पोचते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीच्या या दराने एका खेपेमागे क्विंटलभर वजन इकडचे तिकडे झाले तर ३५५ रुपये गेले. सभासदाच्या हंगामात अशा किती खेपा होतात ते ज्याचे त्याने मोजावे. म्हणून नुसते निव्वळ वजन पाठवून भागणार नाही. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, पाचटाची वजावट आणि मग निव्वळ, असे चारही आकडे संदेशात वेळेसकट आले पाहिजेत. वैधमापन खात्याने काटा शेवटचा कधी तपासला, ती तारीखही काट्याच्या खिडकीवर ठळक अक्षरांत लावावी. प्रामाणिक कारखान्याला यात अडचण वाटायचे कारण नाही.

उपग्रहाने ठरवलेली तोड

दुसरा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात त्याचा. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साह्याने उसावर जो प्रयोग केला, तो जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जगापुढे मांडला. शेतात हवामानाचे छोटे केंद्र, मातीत ओलावा मोजणारी यंत्रे, वरून उपग्रहाची चित्रे, आणि या सगळ्याचा मेळ घालून शेतकऱ्याच्या मोबाईलवर सल्ला: आज पाणी द्या, या कोपऱ्यात खत कमी आहे, तिकडे कीड दिसते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. तेव्हा येत्या वर्षात हे वारे आपल्या कार्यक्षेत्रातही जोरात वाहणार, यात शंका नाही.

पाण्याच्या आणि खताच्या सल्ल्याला आमचा विरोध नाही. पाटाला पाणी आले म्हणून गरज असो-नसो सरी तुडुंब भरायची ही आपली जुनी खोड आहे, आणि चोपण झालेल्या जमिनी तिची साक्ष देतात. ओलावा मोजून पाणी दिले तर जमीनही वाचेल आणि विजेचे बिलही. पण खर्च एकट्यादुकट्याने करू नये. पाच-दहा शेजाऱ्यांनी मिळून हवामानाचे एक केंद्र घ्यावे, कारखान्याने त्यात वाटा उचलावा आणि एक पूर्ण पीक बघून मगच पुढचे ठरवावे.

आमचे लक्ष आहे ते वेगळ्या गोष्टीकडे. आज ना उद्या कारखाने म्हणणार की, कोणता फड पिकला हे उपग्रह सांगतो, तेव्हा तोडही त्याच्याच सांगण्याने. पिकलेला ऊस आधी तुटला तर उतारा वाढतो आणि उतारा वाढला तर दर वाढतो, हे बरोबरच आहे. शिवाय चिटबॉयची मर्जी, वशिला, मुकादमाची खुशाली, यांनी आपल्या क्रमपाळीचे जे धिंडवडे काढले आहेत ते सर्वांना ठाऊक आहेत. त्याला कोणी खऱ्याने आळा घालत असेल तर सभासद त्याचे स्वागतच करतील.

परंतु उपग्रहाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे जगभर फुकट मिळतात आणि पीक पाहणीच्या कामात ती फार वापरली जातात. त्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर, आपल्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा. दोन एकरांच्या सलग फडाचे चित्र त्यात बरे उतरते. पण ज्याचा ऊस पंधरा गुंठे आणि तोही लांबट पट्टीचा, त्याचे निम्मे ठिपके शेजाऱ्याच्या उसात, बांधावरच्या झाडात नाही तर पाणंदीत मिसळतात. पावसाळ्यात ढग आले की चित्रच मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे उपग्रह पाने पाहतो, रस चाखत नाही. पानांच्या रंगावरून तो पक्वतेचा अंदाज बांधतो. शेवटी ब्रिक्स बघायचे तर रिफ्रॅक्टोमीटर घेऊन माणसालाच फडात उतरावे लागते.

आपल्या सभासदांत मोठा बागायतदार थोडा आणि गुंठ्यांत मोजणारा जास्त. नवे यंत्र आंधळेपणाने लावले तर आधी मार खाणार तो हाच लहान सभासद, आणि त्याला कोणी विचारले तर उत्तर मिळेल, “कॉम्प्युटरनं काढलंय, आमच्या हातात काही नाही.” पूर्वी निदान चिटबॉयशी भांडता तरी येत होते! म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, क्रमपाळी कोणत्या नियमाने लागते, लागणीच्या तारखेला किती वजन आणि उपग्रहाच्या अंदाजाला किती, हे हंगामापूर्वी गट ऑफिसच्या फळ्यावर लिहून लावावे. तक्रार आली तर तीन दिवसांत फडात जाऊन ब्रिक्स बघावे. आणि निर्णयाखाली एका माणसाची सही असावी. यंत्राची सही आम्हाला चालणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरची सर्वसाधारण सभा

तिसरा अंदाज समाजमाध्यमांचा. हल्ली आपली खरी सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा मंडपात होत नाही, ती रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत होते. शेजारच्या कारखान्याने दर किती जाहीर केला, आपल्याकडे बिले का थांबली, गाळप कधी बंद होणार, सगळी चर्चा तिथे. सभासद बोलू लागला हे लोकशाहीला धरूनच आहे. ज्यांना सभेत माईक मिळत नव्हता त्यांना तो आता मिळाला.

मात्र या सभेला ना अध्यक्ष, ना प्रोसिडिंग. कोणत्या तरी कारखान्याच्या जुन्या लेटरहेडवर खाडाखोड करून दर बदलायचा आणि सोडून द्यायचा, एवढ्यावर आतापर्यंत भागत होते. येत्या वर्षात त्याच्या पुढची पायरी येईल. एखाद्याचा आवाज काही सेकंद ऐकून हुबेहूब त्याच्यासारखे बोलणारी यंत्रे आता कोणालाही मिळतात. चेअरमनसाहेबांच्या आवाजात “यंदा दुसरा हप्ता देता येणार नाही” अशी क्लिप सभेच्या आदल्या रात्री फिरली, किंवा निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या उमेदवाराच्या तोंडी नको ते शब्द घातले गेले, तर आश्चर्य मानू नये. एआयने बनवलेल्या चित्रावर आणि आवाजावर तशी खूण असली पाहिजे, यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला. पण फसवायला निघालेला माणूस खूण लावून फसवत नसतो.

अफवेला आपण हसण्यावारी नेतो. ते योग्य नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, मुले पळवणारी टोळी फिरते आहे या मोबाईलवरच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. दर हंगामात आपल्या शिवारात बाहेरगावच्या शेकडो टोळ्या येऊन उतरतात. त्यांची मुलेबाळे पालावर असतात. अनोळखी माणसाविषयी आलेला कोणताही संदेश पुढे ढकलण्यापूर्वी प्रत्येकाने राईनपाडा आठवावा, एवढे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

कारखान्याच्या बाबतीत उपाय सोपा आहे आणि तो कारखान्याच्याच हाती आहे. अफवा वाढते ती गप्प बसण्याने. बिलाला उशीर होणार असेल तर किती दिवस आणि का, हे ऑफिसने आधी सांगावे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर साल दरसाल पंधरा टक्के व्याज. हे सभासदाला माहीत आहे. मग त्याच्यापासून लपवायचे काय? कारखान्याचा एकच अधिकृत नंबर असावा, त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक सूचनेवर तारीख आणि जावक क्रमांक असावा आणि तीच सूचना त्याच दिवशी प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लागावी. सभासदांनीही एक पथ्य पाळावे: जावक क्रमांक नाही, फळ्यावर नाही, तर ती बातमी आपल्या गटात टाकू नये. अधिकारी मंडळींनी राग मानू नये, पण सभासदांचे तोंड बंद करण्यापेक्षा आपले तोंड वेळेवर उघडणे केव्हाही स्वस्त पडते.

बिलाच्या दिवशीचे चोर

चौथा अंदाज सांगायला नको वाटतो, पण सांगितला पाहिजे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की पूर्वी बाजारात पाकीटमार येत. आता ते फोनवर येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार महिन्याला दोन हजार कोटींच्या वर गेले. खताच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत पैसे मोबाईलने जातात. जिथे पैसा तिथे चोर, हा नियम आहे.

त्यांची रीत ठरलेली आहे. पीएम किसानच्या नावाने, गाडीच्या दंडाच्या नावाने, कधी लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती दाबली की मोबाईलचा ताबा दुसऱ्याकडे. नाही तर व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेषातला माणूस सांगतो की, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, घराबाहेर पडू नका, पैसे भरा. कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितले, तरीही लोक फसतात. आणि येत्या वर्षात तर पुण्या-मुंबईत असलेल्या आपल्याच मुलाच्या आवाजात “आबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा” असा फोन येऊ शकतो.

तीन गोष्टी घरात सर्वांना पाठ करून ठेवाव्यात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. एपीके फाईल उघडायची नाही, पाठवणारा ओळखीचा असला तरी. फसलो असे वाटले तर लाज न धरता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवायचे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. आणि पैसे मागणारा आवाज पोराचा वाटला तरी फोन ठेवावा आणि आपण होऊन त्याच्या नंबरवर लावावा.

व्हिडिओतले ऊसतज्ज्ञ

पाचवा अंदाज, मोबाईलवरच्या ऊसतज्ज्ञांचे पीक येत्या वर्षी आणखी वाढणार. यातले काही शेतकरी खरोखर मेहनती आहेत आणि त्यांचे रान बघून शिकण्यासारखे असते. पण “एकरी दीडशे टन” म्हणून ओरडणारा व्हिडिओ दिसला की आधी चार प्रश्न विचारावेत. लागण कोणती, आडसाली की सुरू? जुलै-ऑगस्टची आडसाली लागण दीड वर्ष रानात उभी राहते, सुरू ऊस वर्षात तुटतो. त्यांची बरोबरी कशी होईल? वाण कोणता? माती तपासली होती का आणि पाणी कसले? आणि शेवटचा प्रश्न, व्हिडिओच्या शेवटी कोणती बाटली विकायला काढली आहे? बाटली दिसली की पुढचे ओळखून घ्यावे. आता एआयला विचारले तर तेही अस्खलित मराठीत उत्तर देते. पण आपल्या रानाची माती त्याने पाहिलेली नाही. माती परीक्षणाचा कागद हातात असेल तर त्याचा सल्ला पडताळून पाहता येतो. नसेल तर तो ऐकीव सल्ला समजावा. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण आपणच उसाच्या पट्ट्यातल्या लोकांनी विसरू नये.

पोरांच्या मोबाईलविषयी फार लिहीत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. तसले वारे इकडेही वाहील. कायदा काहीही होवो, जेवताना घरातल्या थोरांनी आधी आपला मोबाईल बाजूला ठेवला तर पोरांना सांगायला तोंड राहील.

माहिती कोणाची?

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. सातबारा त्याला जोडलेला, आधार जोडलेले. कारखान्याकडे आपली लागण, वाण, क्षेत्र, टनेज, बँक खाते, सगळे आहे. उद्या शेतातल्या यंत्रांतून मातीची आणि पाण्याचीही माहिती जाऊ लागेल. ही सगळी मिळून एक मोठी दौलत होते. खत विकणाऱ्याला ती हवी, कर्ज देणाऱ्याला हवी, विमा कंपनीला हवी, ऊस पळवणाऱ्यालाही हवी. आपल्या दारात फुकट अ‍ॅप घेऊन येणारा माणूस फुकट का देतो आहे, याचे उत्तर बहुधा यातच असते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी आपली गत होऊ नये.

कायदा आपल्या बाजूचा आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने सभासदाला संस्थेच्या दप्तरातल्या आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. अठरा महिन्यांत ते टप्प्याटप्प्याने पूर्ण लागू व्हायचे आहेत. माहिती घेताना संमती घ्यावी, कशासाठी घेतली ते सांगावे, चुकली तर दुरुस्त करावी, हे त्याचे सार. पण कायदा पुस्तकात राहतो. तो कारखान्यात आणायचा तर सभासदांनाच आणावा लागेल.

१९५० साली प्रवरेच्या काठावर विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन सहकारी कारखान्याची चिमणी पेटवली, ती ऊस आमचा आणि कारखानाही आमचा, या एका विचारावर. आजच्या काळात त्याला पुढचा शब्द जोडावा लागेल: माहितीही आमचीच.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे पुढील ठराव यावेत, अशी आमची नम्र सूचना आहे.

(१) प्रत्येक नोंदीवर खुद्द सभासदाचाच मोबाईल नंबर असावा. महिला सभासदांच्या नोंदी आधी तपासाव्यात.

(२) वजनाच्या संदेशात चारही आकडे आणि वेळ द्यावी. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याला कागदी पावती मिळत राहावी.

(३) क्रमपाळीचे नियम हंगामापूर्वी लेखी जाहीर व्हावेत आणि यंत्राच्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागता यावी.

(४) सभासदांची माहिती सभेच्या मंजुरीवाचून कोणत्याही कंपनीला देऊ नये. करार झालाच तर तो मराठीत फळ्यावर लावावा.

(५) गटवार एक-दोन तरुण मुला-मुलींना शिकवून, वयस्कर सभासदांना मोबाईलचे व्यवहार समजावून देण्याचे काम द्यावे.

यातल्या एकाही ठरावाला मोठा खर्च नाही. चर्चा व्हावी, मतभेद असतील तर ते या पत्रिकेकडे जरूर लिहून पाठवावेत. विरुद्ध मतालाही आम्ही जागा देऊ. पण ठराव झाल्यावाचून हंगाम सुरू होऊ नये. एकदा यंत्रे बसली, करार झाले आणि मोळी पडली की मग सभासदाच्या हाती फक्त संदेश वाचणे उरेल.

जय सहकार.